डॉ. सॉल हर्ट्झ : आधी मोजणी, मग औषध



समस्थानिकांचे उपयोग शिकवताना आपण फळ्यावर एक यादी लिहितो. कोबाल्ट-60 कर्करोगावर, कार्बन-14 जुन्या अवशेषांचं वय काढायला, आयोडीन-131 थायरॉईडच्या आजारावर. मुलं ती यादी पाठ करतात, पेपरात एक गुण मिळवतात आणि सुट्टीत विसरून जातात. त्यात मुलांचा दोष नाही. यादीला चेहरा नसतो ना!

आज त्या यादीतल्या तिसऱ्या ओळीमागचा चेहरा आपण बघणार आहोत. त्यांचं नाव डॉ. सॉल हर्ट्झ. वैद्यक क्षेत्रात हे नाव मोठं आहे, पण आपल्या शाळांपर्यंत ते फारसं पोचलेलं नाही. अवघं 45 वर्षांचं आयुष्य लाभलेल्या या डॉक्टरांनी जगाला एक औषध तर दिलंच, पण त्याहून मोलाची एक सवयही दिली: आधी मोजायचं, मग औषध द्यायचं. थायरॉईडच्या कर्करोगात आज जे स्कॅन काढतात आणि त्या स्कॅनमधून जे आकडे काढतात, त्याचं मूळ या सवयीत आहे.

थायरॉईडबद्दल थोडेसे

चरित्राकडे वळण्याआधी ही ग्रंथी डोळ्यांसमोर आणू या. गळ्याच्या पुढच्या बाजूला, श्वासनलिकेला बिलगून फुलपाखराच्या आकाराची एक ग्रंथी असते. वजन साधारण 20 ग्रॅम. आपण खातो त्या मिठातून, माशांतून, दुधातून जे आयोडीन शरीरात जातं ते ही ग्रंथी रक्तातून ओढून घेते आणि त्यापासून हार्मोन बनवते. प्रौढ माणसाला दिवसाला साधारण 150 मायक्रोग्रॅम आयोडीन लागतं, म्हणजे चिमटीत मावणार नाही इतकं कमी. पण एवढंसं आयोडीन साठवून ठेवण्याचं काम शरीरात मुख्यतः हीच ग्रंथी करते.

आयोडीन कमी पडलं की ग्रंथी फुगते. त्यालाच आपण गलगंड म्हणतो. काही माणसांत मात्र ग्रंथी नको तितकी कामाला लागते. छाती धडधडते, हात थरथरतात, भरपूर खाऊनही वजन उतरत जातं, काहींचे डोळे पुढे आलेले दिसतात. हा ग्रेव्ह्जचा आजार. 1930 च्या दशकात त्यावर मुख्य उपाय शस्त्रक्रिया हाच होता, आणि धडधडत्या छातीच्या रुग्णावर गळ्याची शस्त्रक्रिया करणं जोखमीचं काम होतं.

बालपण आणि शिक्षण

सॉल हर्ट्झ यांचा जन्म 20 एप्रिल 1905 रोजी अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, क्लीव्हलँड शहरात झाला. आईवडील युरोपातून स्थलांतरित होऊन आलेले ज्यू होते.

आता गंमत बघा. क्लीव्हलँड हे मोठ्या सरोवरांच्या काठचं शहर. त्या पट्ट्यातल्या मातीत आणि पाण्यात आयोडीन फार कमी, त्यामुळे गळा सुजलेली माणसं सर्रास दिसत. जवळच्याच ॲक्रन शहरात डेव्हिड मरीन आणि त्यांच्या सहकाऱ्याने 1917 पासून शाळकरी मुलींना आयोडीनचं क्षार थोड्या प्रमाणात देऊन पाहिलं आणि गलगंड टाळता येतो हे दाखवून दिलं. तो प्रयोग शाळांमध्येच झाला, हे आपण शिक्षकांनी मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखं आहे. पुढे 1924 मध्ये मिशिगन राज्यात आयोडीनयुक्त मीठ दुकानांत आलं. त्या वेळी हर्ट्झ मिशिगन विद्यापीठातच शिकत होते. म्हणजे आयोडीन आणि गळा यांचं नातं त्यांनी पुस्तकाबाहेर, आजूबाजूच्या माणसांतही पाहिलेलं असणार.

1925 मध्ये ते पदवीधर झाले आणि हार्वर्डच्या वैद्यकीय महाविद्यालयात गेले. त्या काळी अमेरिकेतल्या नामांकित विद्यापीठांत ज्यू विद्यार्थ्यांना प्रवेश देताना हात आखडता घेतला जाई. तरीही 1929 मध्ये ते हार्वर्डमधून डॉक्टर होऊन बाहेर पडले. काही काळ क्लीव्हलँडला काम करून 1931 मध्ये ते पुन्हा बोस्टनला आले आणि मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलच्या थायरॉईड क्लिनिकमध्ये रुजू झाले. जेम्स हॉवर्ड मीन्स हे तिथले प्रमुख वैद्य. थोड्याच काळात क्लिनिकची धुरा हर्ट्झ यांच्याकडे आली.

जेवणाच्या वेळचा तो प्रश्न

तारीख 12 नोव्हेंबर 1936. हार्वर्डच्या वैद्यकीय महाविद्यालयात दुपारच्या जेवणाच्या वेळी एक व्याख्यान ठेवलं होतं. वक्ते होते कार्ल कॉम्प्टन, एमआयटी या प्रसिद्ध तंत्रज्ञान संस्थेचे अध्यक्ष आणि स्वतः भौतिकशास्त्रज्ञ. विषय होता, भौतिकशास्त्र जीवशास्त्राला आणि वैद्यकाला काय देऊ शकतं.

व्याख्यान संपलं. 31 वर्षांच्या हर्ट्झनी एक प्रश्न विचारला. आयोडीन कृत्रिम रीतीने किरणोत्सारी करता येईल का, एवढाच तो प्रश्न.

प्रश्न साधा वाटतो, पण त्यामागचा विचार बघा. थायरॉईड आयोडीन ओढून घेते. आयोडीन किरणोत्सारी असलं तरी ग्रंथीला फरक कळणार नाही, ती ते तसंच ओढेल. मग बाहेर उपकरण धरलं की आत किती आयोडीन पोचलं ते मोजता येईल. आणि तेच जास्त प्रमाणात दिलं, तर बिघडलेली ग्रंथी चाकू न लावता आतूनच शमवता येईल. रोगाचं मोजमाप आणि रोगावरचा उपचार, दोन्ही एकाच पदार्थाने.

आता खरी मेख इथे आहे. या प्रश्नाचं उत्तर दोन वर्षांपूर्वीच तयार होतं! 1934 मध्ये रोममध्ये एन्रिको फर्मी यांनी एकामागून एक मूलद्रव्यांवर न्यूट्रॉनचा मारा करून पाहिला होता, आणि त्यात आयोडीनही किरणोत्सारी झालेलं होतं. पण ती माहिती भौतिकशास्त्राच्या नियतकालिकांत होती, आणि थायरॉईडचे रुग्ण दवाखान्यात होते. दोन्हींच्या मधली भिंत ओलांडणारं कोणीतरी हवं होतं.

कॉम्प्टन यांना त्या दिवशी लगेच उत्तर देता आलं नाही. पण त्यांनी प्रश्न विसरू दिला नाही. 15 डिसेंबर 1936 रोजी त्यांनी पत्राने कळवलं की असं आयोडीन करता येतं आणि त्याचा अर्धायुकाल 25 मिनिटं आहे. माहीत नसलेल्या गोष्टीचा शोध घेऊन महिन्याभरात उत्तर पाठवणारा वक्ताही आपल्याला या गोष्टीत भेटतो, बरं का.

25 मिनिटं आणि 48 ससे

एमआयटीत रॉब्ली एव्हान्स यांच्या हाताखाली आर्थर रॉबर्ट्स नावाच्या तरुण भौतिकशास्त्रज्ञाला या कामासाठी नेमलं गेलं. हा माणूस संगीतातही जाणकार होता, पुढे त्याने भौतिकशास्त्रज्ञांवर गमतीदार गाणीही रचली. एक डॉक्टर आणि एक भौतिकशास्त्रज्ञ, अशी जोडी जमली.

रेडियम आणि बेरिलियमच्या मिश्रणातून निघणाऱ्या न्यूट्रॉनचा आयोडीनच्या संयुगावर मारा करून त्यांनी आयोडीन-128 तयार केलं. त्याचा अर्धायुकाल 25 मिनिटं, म्हणजे 25 मिनिटांत निम्मं, 50 मिनिटांत पाव, 75 मिनिटांत आठवा हिस्सा. चहा प्यायला थांबलात तरी प्रयोग हातातून निसटायचा! तयार करा, वेगळं काढा, सशाला टोचा, ग्रंथी काढा आणि गायगर काउंटरने मोजा. सगळं घड्याळाशी शर्यत लावून.

48 सशांवर हे प्रयोग झाले. निकाल स्पष्ट होता. थायरॉईड ग्रंथी रक्तातलं किरणोत्सारी आयोडीन भराभर गोळा करते आणि अतिक्रियाशील झालेली ग्रंथी नेहमीच्या ग्रंथीपेक्षा जास्त गोळा करते. 1938 मध्ये हर्ट्झ, रॉबर्ट्स आणि एव्हान्स यांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. डॉक्टरांना जे आजवर गळ्यावर हात ठेवून चाचपावं लागत होतं, ते आता आकड्यात सांगता येऊ लागलं होतं.

त्याच 1938 साली कॅलिफोर्नियातल्या बर्कली इथे ग्लेन सीबोर्ग आणि जॉन लिव्हिंगूड यांनी आयोडीन-131 शोधून काढलं. त्याचा अर्धायुकाल 8 दिवस. आपल्या फळ्यावरच्या यादीतलं आयोडीन ते हेच.

पहिला रुग्ण

माणसांवर उपचार करायचे तर 25 मिनिटांचं आयोडीन उपयोगाचं नव्हतं. जास्त टिकणारं आणि जास्त प्रमाणात हवं होतं. त्यासाठी सायक्लोट्रॉन लागणार होता. मार्कल फाउंडेशनने 30,000 डॉलर दिले आणि 1940 च्या अखेरीस एमआयटीचा सायक्लोट्रॉन चालू झाला. त्यातून मुख्यतः आयोडीन-130 मिळे, त्याचा अर्धायुकाल साधारण 12 तास. सोबत थोडं आयोडीन-131 असे.

1941 च्या सुरुवातीला डॉ. हर्ट्झनी ग्रेव्ह्जच्या आजाराच्या एका स्त्रीला हे किरणोत्सारी आयोडीन उपचार म्हणून दिलं. पाण्यासारखं प्यायचं औषध. सुई नाही, चाकू नाही. असा उपचार जगात पहिल्यांदाच होत होता.

पण त्यांनी नुसतं औषध पाजून रुग्णाला घरी पाठवलं नाही. दिलेल्या आयोडीनपैकी किती लघवीतून बाहेर पडलं ते मोजायचं, गळ्याजवळ काउंटर धरून किती आत राहिलं ते बघायचं, आणि त्यावरून ग्रंथीला खरोखर किती मिळालं याचा हिशेब मांडायचा, ही त्यांची पद्धत. तोंडातून गेलेलं औषध आणि ग्रंथीपर्यंत पोचलेलं औषध या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांनी पहिल्यापासून ओळखलं होतं. दोन रुग्णांना सारखंच औषध दिलं तरी एकाची ग्रंथी दुसऱ्याच्या दुप्पट ओढू शकते. अशा 29 रुग्णांची नोंद त्यांनी पुढे प्रसिद्ध केली.

युद्ध, आणि नंतरची कटुता

1943 मध्ये डॉ. हर्ट्झ नौदलात दाखल झाले. रुग्णांची जबाबदारी हॉस्पिटलमधल्या अर्ल चॅपमन या सहकाऱ्याकडे गेली. चॅपमन यांनी एव्हान्स यांच्यासोबत नवे रुग्ण घेऊन, जास्त मात्रा देऊन स्वतंत्र काम सुरू केलं.

एक शास्त्रीय आक्षेपही पुढे आला. हर्ट्झ आपल्या रुग्णांना किरणोत्सारी आयोडीननंतर काही काळ साधं आयोडीनही देत. आजार बळावू नये म्हणून घेतलेली ती काळजी होती. पण मग गुण कशाने आला, किरणोत्सारी आयोडीनने की साध्या, असं विचारलं जाऊ लागलं. आक्षेप अगदीच निराधार नव्हता. प्रयोगात दोन गोष्टी एकदम बदलल्या की असा प्रश्न उभा राहतोच, हे आपण मुलांना शिकवतोच की.

युद्ध संपून हर्ट्झ परत आले तेव्हा जुन्या हॉस्पिटलमधली त्यांची जागा त्यांना मिळाली नाही. ज्या क्लिनिकमध्ये हे सगळं सुरू झालं त्याचे दरवाजे त्यांच्यासाठी बंद झाले होते. ते बोस्टनमधल्याच बेथ इस्रायल हॉस्पिटलमध्ये काम करू लागले. 11 मे 1946 च्या अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात दोन शोधनिबंध एकाच अंकात छापून आले. आधी हर्ट्झ आणि रॉबर्ट्स यांचा, त्यानंतर चॅपमन आणि एव्हान्स यांचा. दोघांचेही निष्कर्ष एकाच दिशेचे होते: किरणोत्सारी आयोडीनने आजार बरा करता येतो.

श्रेय कोणाचं यावर पुढे बरीच वर्षं धूसरपणा राहिला. हर्ट्झ यांच्या मुलीने वडिलांची पत्रं आणि कागदपत्रं जपली, लोकांसमोर आणली, म्हणून आज ही हकिगत आपल्याला इतक्या तपशिलात कळते. पण हर्ट्झ स्वतः भांडत बसले नाहीत. सप्टेंबर 1946 मध्ये त्यांनी बोस्टनमध्ये किरणोत्सारी समस्थानिकांवर संशोधन करणारी स्वतःची संस्था सुरू केली. तिच्या कामात एक मोठा विषय होता, थायरॉईडचा कर्करोग.

कर्करोगाकडे

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या सॅम्युअल सीडलिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका रुग्णाची हकिगत प्रसिद्ध केली. ती वाचून आजही थक्क व्हायला होतं. या माणसाची थायरॉईड ग्रंथी वीसेक वर्षांपूर्वी काढून टाकलेली होती. तरी त्याला जास्त थायरॉईड हार्मोनची सगळी लक्षणं होती! ग्रंथीच नाही, मग हार्मोन येतं कुठून?

1943 मध्ये त्याला किरणोत्सारी आयोडीन दिलं आणि गायगर काउंटर अंगावरून फिरवला. काही ठिकाणी काउंटर जोरजोराने टकटक करू लागला. थायरॉईडचा कर्करोग शरीरात इतरत्र पसरला होता आणि त्या गाठी आपलं मूळ विसरल्या नव्हत्या. त्या आयोडीन ओढत होत्या, हार्मोन बनवत होत्या. जे आयोडीन त्यांचा पत्ता सांगत होतं, तेच त्यांच्यावर औषध म्हणूनही चाललं आणि रुग्णाला आराम पडला.

इथे एक गोष्ट मुलांना जरूर सांगा. आयोडीन-131 मधून दोन प्रकारचे किरण निघतात. बीटा किरण ऊतीत जेमतेम दोन मिलीमीटरपर्यंत जातात. म्हणून ते शेजारपाजार फारसा न बिघडवता जिथल्या तिथे पेशी नष्ट करतात. गॅमा किरण शरीराबाहेर निघून येतात. म्हणून ते मोजता येतात. एक मारतो, दुसरा बातमी देतो.

डॉ. हर्ट्झ या कामात गढलेले असतानाच 28 जुलै 1950 रोजी हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचं निधन झालं. वय 45.

त्यांनी न पाहिलेलं चित्र

हर्ट्झ यांच्या हातात आयुष्यभर फक्त काउंटर आणि आकडे होते. चित्र नव्हतं. ते त्यांच्या पाठोपाठ आलं. लॉस एंजेलिसमध्ये बेनेडिक्ट कॅसन आणि त्यांचे सहकारी आधी रुग्णाच्या गळ्यावर चौकटी कल्पून एकेका बिंदूवर उपकरण धरून हाताने मोजत. मग त्यांनी उपकरणाला मोटर लावली. ते शेतात नांगर फिरावा तसं ओळीने मागे-पुढे फिरे आणि जिथे किरण जास्त तिथे कागदावर जास्त खुणा उठवे. 1951 मध्ये हे काम प्रसिद्ध झालं. त्यानंतर 1950 च्या दशकाच्या उत्तरार्धात बर्कलीच्या हॅल अँगर यांनी गॅमा कॅमेरा बनवला. तो सगळा भाग एकाच वेळी टिपतो. आजचे स्कॅनही त्याच तत्त्वावर चालतात.

म्हणजे बघा, स्कॅनचं चित्र हे मुळात मोजणीचंच रूप आहे. प्रत्येक ठिपक्यामागे एक आकडा आहे: तिथून किती गॅमा किरण आले. डोळ्याने बघून इथे गडद आहे एवढं म्हणणं ही अर्धी गोष्ट झाली. किती गडद, हे सांगणं ही उरलेली अर्धी. त्यालाच स्कॅनचं संख्यात्मक विश्लेषण म्हणतात.

समजा, रुग्णाला देण्याआधी कॅप्सूल यंत्रासमोर ठेवली आणि ठराविक वेळात 1,00,000 नोंदी मिळाल्या. दुसऱ्या दिवशी तेवढ्याच अंतरावरून, तेवढाच वेळ गळ्यावर मोजलं, 22,000 आल्या. मांडीवर मोजलं, 2,000 आल्या. मांडीत थायरॉईड नाही, त्या नोंदी रक्तात फिरणाऱ्या आयोडीनच्या. त्या वजा करायच्या. उरल्या 20,000. म्हणजे साधारण 20 टक्के. पण थांबा! एका दिवसात आयोडीन-131 स्वतःच झिजून सुमारे 92 टक्के उरतं. तेव्हा 1,00,000 शी तुलना करून चालणार नाही, 92,000 शी करायला हवी. उत्तर येतं जवळजवळ 22 टक्के. आकडे नुसते उदाहरणाचे आहेत, पण रीत खरी आहे. आठवी-नववीच्या मुलांना हे गणित सहज जमतं.

कर्करोगात हेच काम आणखी बिकट होतं. गाठ खोल असेल तर वरच्या मांसातून येताना बरेच किरण अडतात आणि आकडा खोटाच कमी येतो. गाठ फार बारीक असेल तर तिचा उजेड शेजारी सांडतो आणि ती आहे त्यापेक्षा मोठी पण फिकी दिसते. लाळग्रंथी, जठर, मूत्राशय इथेही आयोडीन जातं, म्हणून तिथला गडद डाग म्हणजे कर्करोग नव्हे. आज गॅमा कॅमेऱ्याला सीटी स्कॅनची जोड देतात ती यासाठीच. डाग नक्की कुठे आहे, किती खोल आहे, हे सीटी सांगतं आणि त्यावरून आकडा सुधारता येतो. शिवाय एकच फोटो पुरत नाही. आयोडीन गाठीत किती दिवस टिकतं हे बघायला वेगवेगळ्या दिवशी मोजावं लागतं.

एवढी खटपट कशासाठी? कारण औषध कमी पडलं तर गाठ उरते, आणि जास्त झालं तर रुग्णाच्या हाडांतला मगज, जिथे रक्त तयार होतं, तो दुखावतो. 1962 मध्ये न्यूयॉर्कमधल्या डॉक्टरांनी रुग्णाच्या रक्ताला मिळणारी मात्रा 200 रॅडच्या आत ठेवावी असं दाखवलं. ही झाली वरची मर्यादा. 1983 मध्ये हर्ट्झ यांच्याच ओहायो राज्यातल्या सिनसिनाटी इथे हॅरी मॅक्सन आणि सहकाऱ्यांनी खालची बाजू मोजली. गळ्यात उरलेल्या थायरॉईडच्या अंशाला किमान 30,000 रॅड आणि पसरलेल्या गाठींना किमान 8,000 रॅड मिळाले तर उपचार यशस्वी होण्याची शक्यता जास्त. हे रॅड काढायचे तर गाठीत किती आयोडीन गेलं, किती दिवस राहिलं आणि गाठीचं वजन किती, हे तिन्ही हवेत. तेवढंच आयोडीन 1 ग्रॅमच्या गाठीत गेलं आणि 10 ग्रॅमच्या गाठीत गेलं, तर दुसरीला मात्रा दहापट कमी.

सगळीकडे असा हिशेब होतोच असं नाही. बऱ्याच ठिकाणी अजूनही ठरलेली मात्रा दिली जाते, कारण ते सोपं आणि स्वस्त आहे. कमी जोखमीच्या काही रुग्णांना तर शस्त्रक्रियेनंतर हे औषध द्यावंच लागत नाही. कोणाला किती मोजून द्यायचं, यावर तज्ज्ञांची चर्चा चालूच आहे. पण त्या चर्चेतला मूळ प्रश्न हर्ट्झ यांचाच आहे: या रुग्णाच्या ग्रंथीपर्यंत नक्की किती पोचलं?

आपल्या मुंबईतही हे काम जुनं आहे. परळला टाटा रुग्णालयाच्या आवारात 1963 मध्ये रेडिएशन मेडिसिन सेंटर सुरू झालं. भाभा अणुसंशोधन केंद्राची ही संस्था थायरॉईडच्या रुग्णांवर किरणोत्सारी आयोडीनचे उपचार करत आली आहे. कोणाच्या घरी असा उपचार झाला असेल तर माहीत असेलच, औषध घेतल्यावर रुग्णाला काही दिवस वेगळं ठेवतात, लहान मुलं आणि गरोदर स्त्रिया यांच्यापासून दूर राहायला सांगतात. पालकहो, ही शिक्षा नव्हे की शिवाशिव नव्हे. बाहेर येणारे गॅमा किरण इतरांना लागू नयेत एवढाच त्यामागे हेतू. दिवसागणिक ते कमी होत जातात.

वर्गात करून बघा

एक आलेख कागद किंवा मोठ्या चौकटींची वही घ्या. त्यावर मूठभर मोहरी सगळीकडे विखुरू द्या. मग एका ठिकाणी मुद्दाम आणखी मोहरी टाका. ती झाली गाठ. आता गटांना सांगा: गाठीभोवती पेन्सिलीने चौकोन आखा आणि आतले दाणे मोजा. तेवढाच चौकोन रिकाम्या जागी आखा, तिथले दाणे मोजा आणि वजा करा. गाठीत मुद्दाम किती दाणे टाकले होते ते तुम्हाला ठाऊक असतंच, त्याच्याशी पडताळा घ्या. एका गटाने चौकोन मोठा आखला, दुसऱ्याने लहान, तर उत्तरं वेगळी येतात. का येतात, हे मुलांनाच शोधू द्या. हीच अडचण स्कॅन वाचणाऱ्या डॉक्टरांनाही येते.

अर्धायुकालासाठी 100 नाणी उडवा. छापा पडलेली बाजूला काढा, उरलेली पुन्हा उडवा. प्रत्येक फेरीचा आकडा फळ्यावर लिहा. एक फेरी म्हणजे 25 मिनिटं, असं समजून मुलांना विचारा: हर्ट्झ आणि रॉबर्ट्स यांच्या हाताशी दोन तासांनी किती आयोडीन उरलं असेल?

आणि एक विनंती. शाळेत कोणी पाहुणे व्याख्यान द्यायला आले की आपण आभार प्रदर्शन करून मोकळे होतो. पुढच्या वेळी त्याआधी दहा मिनिटं मुलांच्या प्रश्नांसाठी राखून ठेवा. पाहुण्यांना उत्तर माहीत नसेल तर पत्ता घेऊन ठेवा, पत्राने कळवायची विनंती करा, आणि पत्र आलं की ते वर्गात वाचून दाखवा.